जुन्या गाडीचा पत्रा जाड, म्हणून ती जास्त सुरक्षित? (पद्मिनी हायवेला काढू की नको)

पंचगंगाकाठ | शनिवार, रात्री १०:२०

मंडळी, बाबांची १९८२ सालची प्रीमियर पद्मिनी चार वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. यंदा पावसाळ्यात इंजिन उतरवलं, वायरिंग नवं टाकलं, चारही ब्रेक-ड्रमचे लायनर बदलले. स्टिअरिंगजवळचा गियर लोण्यासारखा पडतोय. दिवाळीला घरच्यांना घेऊन कोल्हापूर ते पुणे हिच्यातूनच जायचं असा माझा बेत होता.

लेक इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिनं परवा जेवताना सांगितलं, "बाबा, ही ठोकली तर गाडी राहील, आपण राहणार नाही." मी हसण्यावारी नेलं. पण झोप काही लागेना. आमच्या बाबांना बॉनेटवर बोटाच्या पेरानं टकटक करून दाखवायची सवय होती. "आवाज ऐक. हा पत्रा आहे. आत्ताच्या गाड्यांना अंगठा लावला तर पोचा येतो." मीसुद्धा आजवर सगळ्यांना हेच ऐकवत आलो.

तर जाणकारांनी खरं काय ते सांगावं. भावना दुखावल्या तरी चालतील.

खडूस_वाचक | शनिवार, रात्री १०:५१

तुमचे बाबा बरोबर होते. परवा सिग्नलला एका स्कूटीनं माझ्या नव्या गाडीला मागून नुसतं टेकवलं. बंपर गेला, सेन्सर गेला, बिल अठरा हजार. आमच्या वडिलांच्या गाडीवर एकदा बैलगाडीचं जू आपटलं होतं. जू मोडलं, गाडीचा रंगही उडाला नाही. मुंबईत पद्मिनी टॅक्स्या २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत धावल्या. इतकी वर्षं लोक बसलेच ना त्यांच्यात? हल्लीच्या गाड्या म्हणजे बिस्किटाचे डबे, वरून सुरक्षेच्या स्टारची जाहिरात.

नवशिक्या | शनिवार, रात्री ११:०५

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

चाकणकर | रविवार, सकाळी ७:४०

वाहन चाचणीच्या क्षेत्रात अठरा वर्षं आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

खडूस काका, आधी टॅक्सीचं. मुंबईच्या गर्दीत टॅक्सी तिसऱ्या गियरमध्ये जायची ती मध्यरात्रीनंतर. वीसच्या वेगानं ठोकलं तर कुठल्याही गाडीत माणूस वाचतो. टॅक्सीवाल्यांना वाचवलं ते ट्रॅफिकनं, पत्र्यानं नव्हे.

आता मूळ मुद्दा. ताशी ५० किलोमीटरनं चाललेली गाडी भिंतीवर आदळणं आणि साधारण दहा मीटर उंचीवरून खाली पडणं, यांत शरीराच्या दृष्टीनं फरक नाही. दहीहंडीच्या भाषेत सात थर समजा. वरचा गोविंदा डांबरावर पडला तर काय होईल आणि खालच्या पोरांच्या हातांवर पडला तर काय होईल? उंची तीच, वजन तेच. फरक एवढाच की हात खाली जात जात त्याला थांबवतात. नव्या गाडीचं नाक म्हणजे ते हात.

हिशोब करून बघा. ५० च्या वेगातून थांबायला ६० सेंटीमीटर मिळाले तर शरीरावर सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या सोळापट ताण येतो. ७० किलोच्या माणसाला ११०० किलोचा रेटा बसतो. पट्टा नीट लावलेला असेल तर माणूस त्यातून उठतो. गाडी टणक आहे, पुढून चुरगळतच नाही आणि १५ सेंटीमीटरमध्ये थांबते म्हणा, तर तोच आकडा पासष्टपट होतो. म्हणजे साडेचार टन. गाडीला ओरखडा कमी येईल, पण तो साडेचार टनांचा रेटा कुणाच्या छातीवर बसणार?

म्हणून नवी गाडी दोन स्वभावांची असते. पुढचं नाक मऊ, ठरवून, ठरलेल्या घड्या पडत चुरगळणारं. आणि बसायची जागा म्हणजे पिंजरा: ए-पिलर (पुढच्या काचेच्या कडेचा खांब), बी-पिलर (पुढच्या-मागच्या दारांमधला खांब), दारांतले आडवे बार, दारांखालचे सिल. हे आता उच्च ताकदीच्या पोलादाचे, काही ठिकाणी तापवून साच्यात दाबलेल्या बोरॉन पोलादाचे असतात. आपण पेरानं ठोकून बघतो ते नुसतं कातडं. गाडी घेताना बॉनेट वाजवून बघणं म्हणजे घराची भक्कमी डिस्टेंपरला हात लावून तपासणं.

जुन्या गाडीत गंमत उलटी आहे. नाकही फारसं ठरवून चुरगळत नाही आणि पिंजराही नाही. त्यामुळे धक्का आत येतो. पुढून सरकत येतं ते स्टिअरिंग. स्टिअरिंगचा दांडा सरळ, अखंड, पुढच्या चाकांजवळच्या गियरबॉक्सपर्यंत गेलेला. नाक दबलं की तो भाल्यासारखा मागे येतो. दुमडणारा दांडा अमेरिकेत साधारण १९६७ पासून सर्रास बसू लागला. तुमच्या पद्मिनीची मूळ फियाट त्याच्याही आधीची, पन्नासच्या दशकातली.

जाता जाता: पद्मिनी आणि अँबेसिडर दोन्ही चेसिसवाल्या गाड्या असं निम्मा महाराष्ट्र समजतो. दोन्ही मोनोकॉक आहेत, म्हणजे बॉडी हाच सांगाडा. खाली ट्रकसारखा सांगाडा वगैरे काही नाही.

रश्मी_सा | रविवार, सकाळी ९:१२

चाकणकर, भाल्याचं वाचून अंगावर काटा आला. माझे मोठे काका १९८७ मध्ये कराडजवळ उभ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीवर धडकले. गाडी त्या काळची, मोठी, दणकट. वेग फार नव्हता. गाडीचा एक दिवा, जाळी आणि मडगार्ड गेलं, बाकी शाबूत. मेकॅनिकनं आठवड्यात उभी केली आणि पुढे कितीतरी वर्षं ती गावात वडाप म्हणून फिरली. काका सिव्हिलमध्ये नेता नेता गेले. बाहेरून खरचटलंसुद्धा नव्हतं. स्टिअरिंगचं वर्तुळ मात्र मधोमध वाकून पुढे टेकलेलं, त्यातली हॉर्नची रिंग तुटलेली. ती रिंग आजीनं कुणाला फेकू दिली नाही.

घरातले अजून म्हणतात, "गाडी किती मजबूत होती बघा."

खडूस_वाचक | रविवार, सकाळी ९:३०

रश्मीताई, वाईट वाटलं. मी बैलगाडीचं लिहिलं ते सहज.

अटलांटिक_पार | रविवार, सकाळी ९:४८

व्हर्जिनियातून. इथल्या रकर्सव्हिल गावात विमा कंपन्यांच्या आयआयएचएस या संस्थेचं चाचणी केंद्र आहे. २००९ साली संस्थेला पन्नास वर्षं झाली म्हणून त्यांनी एक प्रयोग केला: १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मालिबू, दोन्ही ताशी ६४ किलोमीटरनं, समोरासमोर, पण ड्रायव्हरच्या बाजूनं अर्धवट घासून. वजनं जवळपास सारखी. व्हिडिओ सहज मिळेल, बघाच.

हळू केलेल्या चित्रीकरणात मालिबूचं नाक कागदासारखं गोळा होतं आणि काचेच्या खांबाशी येऊन थांबतं. दार जागेवर, फुगा (एअरबॅग) उघडलेला, डमी (माणसाच्या जागी बसवलेला पुतळा) खुर्चीतच. बेल एअरमध्ये खांबच मागे मोडतो, काच निघून जाते, डॅशबोर्ड आणि स्टिअरिंग डमीच्या अंगावर येतं. आत माणूस असता तर वाचला नसता. मालिबूतल्याचा पाय फार तर दुखावला असता.

खडूस_वाचक | रविवार, सकाळी १०:०२

तो व्हिडिओ माहितीय. त्यातल्या जुन्या गाडीचं इंजिन काढून ठेवलं होतं आणि ती सडलेली होती म्हणतात. बघा, धडकल्यावर लालसर धूर उडतो तो गंज.

अटलांटिक_पार | रविवार, सकाळी १०:१५

इंजिन जागेवर होतं, सहा सिलिंडरचं. संस्थेनं स्पष्ट केलंय. उडते ती पन्नास वर्षांची खाचाखोचांतली धूळ. त्या गाडीचा खरा कमकुवतपणा म्हणजे तिची इंग्रजी एक्सच्या आकाराची चेसिस. मधे जाड, कडेला काहीच नाही. कडेनं घासून धडक झाली की थेट आत.

स्टुटगार्टची_सून | रविवार, दुपारी १:३०

भर घालते. १९५९ हे साल मजेशीर आहे. बेल एअर शेपटीला पंख लावून अमेरिकेत मिरवत होती त्याच वर्षी इकडे मर्सिडीजनं डब्ल्यू १११ ही गाडी आणली. चुरगळणारं नाक, चुरगळणारी शेपूट आणि मधे घट्ट केबिन, असं ठरवून बांधलेली पहिली मोटार ती. कल्पना बेला बारेनी या इंजिनिअरची, पेटंट पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीचं. (गंमत म्हणजे तिलाही शेपटीला पंखच होते. फॅशन कुणाला सुटत नाही.)

आणि त्याच १९५९ मध्ये स्वीडनला व्होल्वोनं तीन बिंदूंचा पट्टा गाडीत बसवून द्यायला सुरुवात केली. निल्स बोलिन हा मूळचा विमानातून पायलटला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्या बनवणारा. माणसाला वेगानं बाहेर कसं काढायचं हे ज्याला ठाऊक होतं त्यानंच त्याला जागेवर कसं धरायचं ते शोधलं. ओटीपोटाच्या हाडावरून एक पट्टा, छातीवरून तिरपा दुसरा, एका हातानं लागणारा. व्होल्वोनं ते पेटंट सगळ्यांना खुलं केलं.

म्हणजे जमाना जुना होता म्हणून माहीत नव्हतं, असं नाही. माहीत होतं, वापरायला वेळ लावला.

अण्णा_डेंटर | रविवार, दुपारी ३:१०

मी कोल्हापुरात तीस वर्षं डेंटिंग करतोय. पोरगा टाईप करतोय, मी सांगतोय.

पत्रा जाड हुता हे खरं हाय. पण कवा? कंपनीतनं आला तवा. आता चाळीस वर्षांनी पद्मिनीच्या खालच्या सिलमध्ये स्क्रू ड्रायवर घाला, आरपार जातोय का नाही बघा. वरनं रंग चकाचक, आत पुट्टीचा थर. परवा एक आली. जॅक लावला तर गाडी उचलायच्या ऐवजी जॅकच तळपत्रीतनं वर आला. मालक म्हणतोय, अण्णा, जुनं ते सोनं. म्हटलं, सोन्याला गंज लागत न्हाई.

दुसरं म्हणजे दारं. जुन्या गाडीचं दार धडकेत उघडतंय. कुलपाची जीभ एवढुशी. माणूस भायेर पडतोय आन मागनं ट्रक. काच पण तशीच, फुटली की खडीसाखर. आता दोन काचंच्या मधी प्लॅस्टिकची फिल्म असती, फुटली तरी जाळ्यावानी हुबी ऱ्हाती.

आन नव्या गाड्यांबद्दल पण एक. पूर्वी हातोडी-डॉली घेऊन ठोकून काढायचो, पैसं कमी. आता नाकाच्या आतला तो घड्याचा भाग वाकला की तापवून सरळ करायचा न्हाई, बदलायचा. तापवला की त्येची ताकद गेली. पण लोक ऐकत न्हाईत, "अण्णा, ठोकून द्या." म्या देत न्हाई. दुसरा कोणतरी देतो. मग पुढच्या धडकेला ती नवी गाडी नवी नसती.

पंचगंगाकाठ | रविवार, दुपारी ३:४०

अण्णा, स्क्रू ड्रायव्हर घेऊन खाली गेलो होतो. डाव्या मागच्या दाराखाली गेला. आरपार नाही, पण गेला.

नवशिक्या | रविवार, सायंकाळी ६:००

पॉपकॉर्न संपलं, आता प्रश्न. मला सहा-सात लाखांत गाडी घ्यायचीय. आपल्याकडं नवी म्हणजे सुरक्षित हे खरंच आहे का? मला आठवतंय, काही वर्षांपूर्वी सगळ्याच गाड्या नापास झाल्या होत्या.

चाकणकर | रविवार, रात्री ८:२५

बरोबर आठवतंय. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या, गाड्या ठोकून बघून स्टार देणाऱ्या संस्थेनं भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्यांचे निकाल दिले: अल्टो ८००, नॅनो, फिगो, आय-१० आणि पोलो. पाचही शून्य. त्यातली पोलो बोलकी आहे. एअरबॅग नसलेली शून्य, दोन एअरबॅगवाली तीच गाडी चार स्टार. सांगाडा चांगलाच होता, फुगा पैसे वाचवायला काढला होता. कंपनीनं नंतर विनाएअरबॅगची बंदच केली. उलट काहींचा सांगाडाच इतका कोसळला की नुसत्या एअरबॅगा घालून भागलं नसतं. म्हणून निकालात स्टारच्या आधी "बॉडीशेल स्थिर की अस्थिर" ते वाचा.

तेव्हा आपल्याकडं सक्तीची क्रॅश चाचणीच नव्हती. नव्या मॉडेलांना ती आली ऑक्टोबर २०१७ पासून, जुन्यांना २०१९ पासून, ५६ च्या वेगाला. स्टार देणाऱ्या चाचण्या ६४ ला होतात. आठच किलोमीटरचा फरक, पण ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणजे तीस टक्के जास्त. २०१८ च्या डिसेंबरात ग्लोबल एनकॅपकडून टाटा नेक्सॉनला पाच स्टार मिळाले, भारतात बनून भारतातच विकल्या जाणाऱ्या गाडीला पहिल्यांदाच. ऑक्टोबर २०२३ पासून आपलं भारत एनकॅप सुरू आहे.

दोन सावधगिऱ्या. एक, स्टार त्याच वजनाच्या गाड्यांत तुलना करायला असतात. पाच स्टारची छोटी गाडी ट्रकसमोर छोटीच. खडूस काकांच्या बाजूनं म्हणायचं तर वजनाचा फायदा खरा असतो. दोन, पुढं लोखंडी बुलबार लावू नका. डिसेंबर २०१७ पासून बंदीच आहे. चुरगळायच्या जागी तुम्ही पुन्हा जुनी गाडी वेल्ड करता आणि एअरबॅगचा सेन्सर गोंधळतो तो वेगळाच.

पायी_चालणारा | रविवार, रात्री ९:१०

सगळे आत बसलेल्यांचंच बोलतायत. बाहेरच्यांचं काय?

चाकणकर | रविवार, रात्री ९:२२

छान आठवण केलीत. बॉनेटला अंगठ्यानं पोचा येतो ना, तो तुमच्यासाठी. पादचाऱ्याचं डोकं आपटतं ते बॉनेटवर. म्हणून पत्रा पातळ, आणि त्याखाली इंजिनपर्यंत मुद्दाम मोकळी जागा. पंचगंगाकाठांच्या बाबांनी वाजवून दाखवलेला तो भरीव आवाज पायी चालणाऱ्याच्या कवटीला कसा लागेल, विचार करा. जुन्या बॉनेटांवर तर वर टोकदार शोभेचे बिल्ले असायचे.

खडूस_वाचक | रविवार, रात्री ९:५५

हरलो, असं म्हणणार नाही. पण एक कबूल करतो. माझ्या त्या अठरा हजारवाल्या नव्या गाडीत पट्ट्याचा टूंटूं आवाज येऊ नये म्हणून मी बक्कलमध्ये खोटी क्लिप घालून ठेवलीय. दोनशेला मिळाली होती.

रश्मी_सा | रविवार, रात्री ९:५८

काका!!!

चाकणकर | रविवार, रात्री १०:०६

काढा आत्ता. बिनापट्ट्याचं अंग पुढं जातं आणि फुगा समोरून येतो, सेकंदाच्या हजार भागांपैकी तीस-चाळीस भागांत. पापणी लवायच्या आत. फुगा पट्ट्याला मदत करायला आहे, पट्ट्याऐवजी नाही. २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं या क्लिपा विकणाऱ्या पाच ऑनलाइन दुकानांविरुद्ध आदेश काढले ते उगीच नाहीत. आणि मागच्या सीटवरही पट्टा. २०२२ मध्ये पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर जी गाडी धडकली ती आधुनिक आणि महागडी होती. मागच्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, दोघंही गेले.

खडूस_वाचक | रविवार, रात्री १०:३१

काढली. खाली पार्किंगमध्ये जाऊन काढली. बायकोनं विचारलं एवढ्या रात्री कुठं, म्हटलं कचरा टाकायला.

पंचगंगाकाठ | सोमवार, रात्री ८:४५

सगळ्यांचे आभार. पुण्याला नव्या गाडीनं जाणार, खंबाटकी घाटही तिच्यातूनच उतरणार. लेकीला धागा वाचायला दिला. काही बोलली नाही, फक्त बेल एअरचा व्हिडिओ मला पुन्हा पाठवला.

पद्मिनी विकणार नाही. रविवारी पहाटे रंकाळा, फार तर पन्हाळ्याच्या पायथ्यापर्यंत, चाळीसच्या आत. पण तेवढ्यासाठीही पट्टे बसवायचे आहेत. पुढचा सोफा सलग आहे, बी-पिलरला पट्ट्यासाठी जागाच नाही. ऑनलाइन दोन हजारात किट मिळतंय, स्क्रूनं पत्र्यावर बसवायचं. चालेल का?

चाकणकर | सोमवार, रात्री ९:०२

पत्र्यावर स्क्रूनं अजिबात नको. वर ११०० किलोचा हिशोब दिलाय तो त्या स्क्रूवर येणार. पिलरच्या आत जाड पट्टी वेल्ड करून, तिला नट, आणि पट्ट्याचा खास ७/१६ इंची बोल्ट. तळाला मोठी प्लेट. आणि आधी तळाचा गंज, नाहीतर पट्टा प्लेटसकट हातात येईल. नुसता मांडीवरचा पट्टा लावून समाधान मानू नका, वरचं अंग स्टिअरिंगवर घडी पडून आपटतं. एवढं करूनही ती नव्या गाडीइतकी होणार नाही. हेडरेस्ट नाहीत, पिंजरा नाही. चाळीसच्या आत म्हणालात ते पाळा.

अण्णा_डेंटर | सोमवार, रात्री ९:४०

मंगळवारी दुपारनंतर घिऊन या. सिल कापून नवी पट्टी घालूया, पुट्टी न्हाई. चार दिवस लागतील, दिवाळीआधी देतो. आन येताना पुढच्या सोफ्यावर मधी पोरगं बसवून आणू नका. समदे आणतात.